पोटातलं गाव

सकाळी समोर आलेल्या माणसाला काय विचारावं याची आपल्याकडे एक रीत आहे. चहा झाला का, बरं आहे ना, पाऊसपाणी काय म्हणतंय, यांपैकी काहीही चालतं. आमचे साहेब विचारत, "पोट साफ झालं का?" समोरचा माणूस हो म्हणून सुटायला बघायचा, तर ते त्याला सुटू देत नसत. बांधलेलं होतं की पातळ, रंग कसा, वास आंबूस की उग्र, सगळं काढून घेत. हा प्रश्न त्यांनी दवाखान्याच्या शिपायाला विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला, आणि कर्जतच्या बाजारात बांगड्या भरत बसलेल्या एका पोक्त बाईंना विचारला, तेव्हा कासाराने त्यांना हाताला धरून पायरीवरून खाली उतरवलं. ते खाली उतरले आणि कासाराला म्हणाले, "बरं, तुमचं काय?"

मी गुरांचा डॉक्टर होऊन पहिल्याच नेमणुकीवर नगर जिल्ह्यातल्या कर्जतला गेलो तेव्हा तिथल्या दवाखान्याचे ते मुख्य होते. राहायला सरकारी जागा एकच, दोन खोल्यांची. त्यामुळे दिवसभर त्यांच्या हाताखाली आणि संध्याकाळपासून त्यांच्या शेजारी, अशी माझी दोन वर्षं गेली. लोक त्यांना पाठीमागे 'शेनसायेब' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना वाईट वाटलं नसतं, उलट त्यांनी म्हणणाऱ्याला खुर्ची दिली असती.

साहेबांना बुरशीचं वेड होतं. आता मी मूळचा राजूरचा. आमच्याकडे पावसाळा सुरू झाला की चपलांना बुरशी, घोंगडीला बुरशी, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीत काचेच्या आतून बुरशी. बुरशी पुसण्यात माझ्या आईचं अर्धं आयुष्य गेलं. त्या कटकटीतून सुटून मी कर्जतसारख्या खडखडीत कोरड्या तालुक्यात आलो आणि नशिबाने असा माणूस गाठून दिला की जो बुरशी मुद्दाम वाढवत होता. जाळीच्या कपाटात माझ्या पोळ्यांच्या डब्याशेजारी त्यांच्या बरण्या असत. एकीत म्हशीचं शेण, एकीत शेळीच्या लेंड्या, एकीत बाजाराच्या दिवशी खाटकाकडून मागून आणलेलं बोकडाच्या कोठ्यातलं, म्हणजे पोटातलं, हिरवं पाणी. शेवटच्या बरणीत काय आहे असं मी विचारलं तर म्हणाले, "ती माझी स्वतःची." त्यानंतर मी विचारायचं सोडलं आणि पोळ्यांचा डबा उशाशी घेऊन झोपायला लागलो.

आईने पाठवलेल्या लोणच्याला एकदा बुरा आला. मी बरणी घेऊन उकिरड्याकडे निघालो तर साहेब आडवे आले. "अहो डॉक्टर, आईने पाठवलेलं असं कुणी टाकतं का?" म्हणाले. मला क्षणभर भरूनच आलं. मग त्यांनी बरणी उजेडात धरली, वरचा पांढरा थर पाहून "वा!" म्हणाले आणि ती आपल्या कपाटात नेऊन ठेवली. पुढचा पावसाळा येईपर्यंत ते लोणचं आमच्या घरात होतं. त्याला नंतर निळा रंग आला, मग काळा आला, आणि प्रत्येक रंग त्यांनी मला उठवून दाखवला.

त्यांचं घर पुणतांब्याला होतं. गोदावरीकाठची बागाईत, बायको, दोन मुली, सगळं व्यवस्थित. बायकोने एकच अट घातलेली होती, घरी या पण रिकाम्या हाताने या. साहेब सुटीवर जात आणि सुटी संपायच्या आतच परत येत. पुणतांब्याच्या गाईचं शेण कसं हिरवंगार, मऊ, त्यात कसा जीव आहे, हे ते इतक्या उमाळ्याने सांगत की मुलींची खुशाली विचारायची राहूनच जायची.

त्यांचं म्हणणं असं होतं की पोट म्हणजे पिशवी नव्हे. पोट म्हणजे गाव. कडब्याची काडी गाय पचवतच नाही, तिच्या पोटातलं गाव पचवतं, गाय नुसती जागा देते. त्या गावात नाना तऱ्हेचे बारीक जीव राहतात आणि त्यात बुरशीही राहते. आपण बुरशी म्हटलं की नाक मुरडतो, पण बुरशी दोन तऱ्हेची. एक बिऱ्हाडकरू आणि एक दरोडेखोर. बिऱ्हाडकरू पोटातच जन्मते, काडीला मुळं धरते, ती फोडून मऊ करते. दरोडेखोर बाहेरून भिजक्या वैरणीवर बसून येते आणि सगळं गाव जाळून टाकते. हे मला त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, मला ते पटलंही. पण पुढे ते रोज सांगितलं. जेवताना सांगितलं.

माणसाच्या पोटालाही ते सोडत नसत. एकदा तालुक्याच्या मामलेदारांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पाटावर बसलो, पानात श्रीखंड पडलं. आतल्या खोलीत तान्हं बाळ किरकिरत होतं, दूध पीत नाही म्हणून सगळे काळजीत होते. साहेब भरल्या पानावरून उठले, आत गेले, बाळाच्या तोंडात बोट घातलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही नाही, बुरशी धरलीय. जिभेवर आहे, खाली आतड्यापर्यंतही गेली असेल." मामलेदारांच्या आईने पदर तोंडाला लावला. आमच्या घरात बुरशी, असं म्हणून सूनबाई रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी माणसांच्या डॉक्टरने तेच सांगितलं, औषध दिलं आणि बाळ बरं झालं, हे खरं. पण श्रीखंड संपवून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या घरी आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही. मी ते श्रीखंड दोनच घास खाल्लं होतं.

हा माणूस चुकत असता तर मी सुखाने त्याच्यावर हसलो असतो. पुढे बऱ्याच वर्षांनी, साहेब निवृत्त होऊन गेल्यावर, डॉक्टरांच्या एका उजळणी वर्गात मी बसलो होतो. शिकवणाऱ्याने सांगितलं की रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठ्यात हवेशिवाय जगणारी बुरशी असते, तिचं बी पोहतं आणि वैरणीच्या काडीला जाऊन चिकटतं, आणि हे आता परदेशात सिद्ध झालं आहे. मी कपाळाला हात लावला. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी वैतागच आला. इतकं खरं बोलणाऱ्या माणसाला ते ऐकून घ्यावंसं वाटेल असं एकदाही बोलता येऊ नये?

कारण हेच त्यांनी नगरहून तपासणीला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं, माझ्यादेखत. साहेबांचा स्वतःचा पितळी सूक्ष्मदर्शक होता. त्याखाली कोठ्यातल्या पाण्याचा थेंब ठेवून त्यांनी अधिकाऱ्यांना डोळा लावायला लावला. थेंबात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. अधिकारी म्हणाले, हे तर साधे जीव, पुस्तकात आहेत. साहेब म्हणाले, हे बुरशीचं बी आहे. अधिकारी म्हणाले, बुरशीला हवा लागते, पोटात हवा कुठून येणार? यावर साहेबांनी गप्प बसावं की नाही! ते म्हणाले, "पोटातल्या बुरशीला कुणी विचारलंय का?" अधिकारी हसले. ज्याच्या पोटात हे काहीच उरलेलं नाही असं एक जनावर शोधा, त्याच्या पोटात हे सोडा आणि मग ते उगवलेलं मला दाखवा, असं सांगून चहाला निघून गेले. त्यांनी ते टाळण्यासाठी सांगितलं होतं. साहेबांनी ते मनावर घेतलं आणि तेव्हापासून ते रिकाम्या पोटाच्या जनावराची वाट बघत राहिले.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तालुकाभर जनावरांची पोटं रिकामीच होती. विहिरींनी तळ दाखवला होता, माणसं सरकारी मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढत होती, आणि गावोगावची गुरं छावणीत आणून बांधली होती. गुरांबरोबर घरातली एक-दोन माणसं येत आणि शेजारी खोपी घालून राहत. आमची दोघांची नेमणूक तिथेच झाली. वैरण लांबून यायची, मालगाडीने आणि मग ट्रकने, आणि कधी यायची तर कधी नाही.

एकदा दोन दिवस खंड पडल्यावर ट्रक आला. गुरं दावणीला हंबरत होती, माणसं धावली. साहेबांनी गंजीत खांद्यापर्यंत हात घातला, बाहेर काढला, हुंगला आणि सांगितलं, यातली एक काडी जनावराला घालायची नाही. वैरण वाटेत भिजली होती, आत तापून काळी पडली होती, सफेद भुकटी उडत होती. लोक म्हणाले, उन्हात वाळवून घालू. मीही म्हणालो की वरवरची निवडून घेऊ, गुरं उपाशी आहेत. साहेब म्हणाले, "दरोडेखोर उन्हात वाळवला म्हणून भजन करायला लागतो का?" आणि त्या गंजीवर चढून बसले. डोक्याला टॉवेल बांधून, भर उन्हात, दुसरा ट्रक येईपर्यंत तिथेच. लोक शिव्या देत होते, त्या खालून मला मिळत होत्या. वर बसलेल्याला कोण काय म्हणणार?

मधे एकदाच, दुपारी एक वासरू विहिरीच्या खड्ड्यात पडलं म्हणून, ते खाली उतरले. तेवढ्यात गयाबाईने एक पेंढी ओढली, पदराखाली घातली आणि आपल्या बैलाला घातली. गयाबाई तिशीची असेल. नवरा ऊसतोडीला गेला होता तो कारखान्याकडेच थांबलेला. छावणीत ती एकटी आणि तिची खिलारी जोडी. पाखऱ्या त्यातला डावा, पेंढी त्यालाच घातलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखऱ्याने तोंड हलवायचं थांबवलं. रवंथ बंद, कान गार, शेण नाही. मी जे शिकलो होतो ते सगळं केलं, चूर्ण दिलं, तेल पाजलं, टोचलं. काही लागू पडलं नाही. चार वाजायच्या सुमारास तो खाली बसला आणि उठेना. गयाबाई त्याच्या डोक्याशी बसली होती. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली की पाऊस पडला की पेरणीला पाभर जुंपायला जोडी लागती, एक बैल घेऊन शेतात काय करायचं, दुसरा बी इकावा लागंल.

साहेब आले. त्यांनी पाखऱ्याच्या डाव्या कुशीत मूठ रोवली, डोळे मिटले, बराच वेळ थांबले. आत काहीच हलत नव्हतं. मग गयाबाईकडे बघून म्हणाले, "काल तुम्ही पेंढी नेलीत."

"न्हेली, सायेब," ती म्हणाली. "त्यो वरडत हुता. किती आयकायचं?"

 साहेबांनी नळीने पाखऱ्याच्या कोठ्यातलं थोडं पाणी काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. वळवळ नव्हती. "गाव उठून गेलंय," मला म्हणाले, "अख्खं गाव ऊसतोडीला गेलंय. घरं तेवढी उरलीत." त्यांचा चेहरा असा झाला होता की दुःख म्हणावं की आनंद हे मला कळेना. त्यांना हवं होतं ते जनावर समोर होतं आणि ते मरत होतं.

उपाय सोपा होता. रवंथ करणाऱ्या धडधाकट गाईच्या तोंडातला घास काढायचा, कोमट पाण्यात कालवायचा आणि पाखऱ्याला पाजायचा. पलीकडच्याच दावणीला सोजरबाईची गाय शांतपणे रवंथ करत होती. सोजरबाई साठीची, कमी बोलणारी, सुनेला घेऊन छावणीत राहिलेली. तिला बाई, जरा घास काढतो, असं सांगून काम उरकलं असतं. पण साहेबांनी सगळ्या बायांना गोळा केलं आणि समजावून द्यायला घेतलं. पोट म्हणजे गाव इथपासून सुरुवात केली. बिऱ्हाडकरू आले, दरोडेखोर आले. मी दोनदा म्हणालो, साहेब, आधी पाजू या. ते म्हणाले, लोकांना कळल्याशिवाय काही करू नये. शेवटी त्यांना फार चांगलं उदाहरण सुचलं. दुधाला विरजण लावतो ना आपण, घरातलं संपलं तर शेजारणीकडून मागून आणतो, तसंच हे. सोजरबाईच्या गाईचं विरजण पाखऱ्याच्या पोटात लावायचं. बायांना ते तत्क्षणी कळलं. साहेब खूश झाले. त्यांचं बोलणं कुणाला इतकं नीट कळल्याचं मी पहिल्यांदा पाहत होतो.

एवढं होईस्तोवर सूर्य बुडाला आणि छावणीच्या मधोमध गॅसबत्ती लागली. साहेब बाह्या सारून गाईकडे निघाले, तर सोजरबाई आडवी उभी राहिली.

"आता न्हाई, सायेब. दिवं लागल्यावं इरजान भायेर देत न्हाईत. गाय आटती."

मला हसावं की रडावं कळेना. साहेब म्हणाले, अहो बाई, ते विरजण नव्हे, ते मी उदाहरण दिलं.

"मंग उदारन बी सकाळीच न्या," सोजरबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुष्काळात तिच्या सुनेचं दूध आटलेलं, मांडीवरचं नातवंड त्या गाईच्या पेलाभर दुधावर जगत होतं, हे सगळ्या छावणीला ठाऊक होतं.

मी गयाबाईकडे पाहिलं. तिने तरी पदर पसरावा असं मला वाटत होतं. पाखऱ्याने मान टाकली होती, सकाळपर्यंत तो राहील असं वाटत नव्हतं. गयाबाई म्हणाली, "तिचं खरं हाय, सायेब. म्या बी दिलं नसतं."

यावर साहेब तिथेच जमिनीवर बसले. मला त्यांचा मनस्वी राग आला होता. तासभर बडबडून या माणसाने एका बाईचा बैल घालवला, असं मी बोलणारच होतो. पण ते गप्प होते, आणि गप्प बसलेले साहेब मी तोवर पाहिले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली आणि सोजरबाईला अगदी हळू विचारलं, "दिवे लागले म्हणजे कुणाचे लागले, बाई?"

सोजरबाईने आपल्या खोपीकडे पाहिलं. सून दारात चिमणीची वात सारखी करत होती, काडेपेटी शेजारी होती.

"आमच्यात अजून न्हाई लागला," ती म्हणाली. मग गॅसबत्तीकडे हात करून म्हणाली, "पर ह्यो उजेड आलाय की दारात."

साहेब उठले आणि जाऊन त्यांनी गॅसबत्ती विझवली. तिकडे सुकडीचं वाटप चाललं होतं, अंधारात एकच गलका झाला. सोजरबाईने सुनेला काडी ओढू नको म्हणून सांगितलं. दिवेलागणीला घरात दिवा न लावणं ही तिच्या लेखी लहान गोष्ट नव्हती. म्हणाली, "बिगी करा."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा काही बिगीने केलं. अंधारात गाईच्या जबड्यात हात घालून ते घास वर यायची वाट बघत उभे राहिले. "आला," म्हणाले, आणि हिरवा गोळा माझ्या हातात दिला. असे ते काढत गेले. एकदा गाईने दाढा मिटल्या तेव्हा त्यांचं बोट चेचलं, तेव्हाही ते फक्त "थांब गं" म्हणाले. माझ्या नव्या पंच्यातून आम्ही ते गाळलं, मी पाखऱ्याची मान धरली, त्यांनी बांबूच्या नळीने पाजलं.

हात पुसत त्यांनी मला सांगितलं की आता पाखऱ्याचं पहिलं शेण हवं. पहिलंच. नंतर गुरं मोकळी सुटतात, एकमेकांची गव्हाण चाटतात, मग कुठलं बी कुठून आलं कोण सांगणार? नगरला त्या अधिकाऱ्यांपुढे घेऊन जायचं तर पहिलं शेण. मग गयाबाईला म्हणाले, "सकाळी पडेल ते पहिलं शेण जपून ठेवा हं. फार मोलाचं आहे."

सोजरबाईच्या खोपीत नंतरही दिवा लागला नाही. सुनेला मी विचारलं तर म्हणाली, "आत्याबाई म्हनत्यात, इरजान लागल्याबगर लावायचा न्हाई."

सकाळी मी पोचलो तेव्हा पाखऱ्या उभा होता आणि त्याचं तोंड हलत होतं. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. मी उघड रडलो. साहेब चेचलेल्या बोटाला चिंधी गुंडाळून, बगलेत सूक्ष्मदर्शक मारून धावत आले. पाखऱ्याच्या कुशीत मूठ रोवली, आतली हालचाल लागली तसे हसले, आणि म्हणाले, "शेण?"

गयाबाईने अभिमानाने पलीकडे हात केला. सोजरबाईच्या खोपीपुढे दारभर अर्धगोल सारवण घातलं होतं, ओलं, हिरवट, बोटांच्या रेघा उमटलेलं. आत उंबऱ्याशी भर सकाळी चिमणी जळत होती.

"तुमीच म्हनला ना, सायेब, लई मोलाचं हाय," गयाबाई म्हणाली. "मंग ते माज्याकडं ठिवून काय करू? तिच्या दारात घातलं."

साहेबांनी तोंड उघडलं. आता पोट म्हणजे गाव इथपासून सुरू होणार, नाहीतर खिशातला चाकू काढून ते जमीन खरवडणार, अशी मला भीती वाटली. ते त्या सारवणाकडे बघत राहिले. मग सूक्ष्मदर्शक एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतला.

आतून सोजरबाई म्हणाली, "या सायेब, च्या घ्या. पर बेतानं, वलं हाय अजून."

तालुक्यातल्या कुठल्याही शेणात बेधडक पाय घालत आलेल्या त्या माणसाने चपला काढून हातात घेतल्या, आणि काट्याच्या कुंपणाला अंग घासत, सदरा फाडून घेत, त्या ओल्या अर्धगोलाला पाय लागू न देता कडेकडेने आत गेला.